रोपाची तब्येत

माणूस आजारी पडला की भेटायला येणारे आधी "काय झालं?" एवढं तरी विचारतात. मिरचीचं रोप आजारी पडलं तर विचारपूस वगैरे काही नाही, थेट निदान. "पाणी जास्त झालंय," एक जण म्हणतो. "छे छे, पाणी कमी पडलंय," दुसरा. दोघंही एकाच ओट्यावर बसून, एकाच किटलीतला चहा पीत, एकाच ट्रेकडे बघत असतात. तिसरा जरा जाणकार असतो. तो ट्रेकडे न बघताच "बियाणं बोगस" म्हणून मोकळा होतो. हे निदान सर्वांत लोकप्रिय, कारण त्यात घरातल्या कुणाचंच नाव येत नाही.

डहाणू तालुक्यातल्या कैनाडला गणपती उठल्यानंतरच्या दिवसांत गेलात, तर एखाद्या पडवीत असा दवाखाना भरलेला हमखास सापडेल. एका बाजूला लाकडं, एका बाजूला भिजलेल्या छत्र्या, मध्ये काळ्या प्लास्टिकचे ट्रे आणि भोवती उकिडवे बसलेले डॉक्टर. तिकडे किनाऱ्याला घोलवड-बोर्डीच्या चिकूवाल्यांचं बरं असतं. खिरणीच्या खुंटावर एकदा कलम जमलं की आजोबाने लावायचं आणि नातवाने विकायचं. शिवाय 2016 साली त्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरचीला असलं स्थैर्य नाही. ती दरवर्षी नव्याने जन्माला घालावी लागते, आणि जन्मापासून लावणीपर्यंत तिच्या तब्येतीची जबाबदारी घरावर असते. याच तालुक्यात वाणगावकडची मिरची नावाजलेली. शेडनेटखालची ढोबळी मिरचीही आता डहाणूला नवी राहिलेली नाही. त्यामुळे "आपल्याला का येत नाही?" हा प्रश्न कैनाडच्या पडवीत बसूनही टोचतोच.

आता, मिरची घरात का लावायची? तर मिरचीच्या रोपाला तयार व्हायला 35 ते 40 दिवस लागतात. पाऊस ओसरून भात निघालं की जमीन मोकळी होणार, तेव्हा रोपं हातात हवीत. म्हणजे बी टाकायचं सप्टेंबरात, आणि सप्टेंबरातला आमचा पाऊस कधी जातो म्हणतो आणि कधी बॅग उचलून परत येतो. उघड्या वाफ्यात टाकलेलं बी एका सरीत वाहून शेजाऱ्याच्या हद्दीत उगवतं. त्यातून वाचलं तर कोंबड्या आहेत. कोंबडीला नुकता पेरलेला वाफा आणि उकिरडा यांतला फरक कळत नाही, आणि समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

न्यू जर्सीला गेलेले आपले लोक मार्चमध्ये नेमकं हेच करतात, पण कारण उलटं. तिकडे एप्रिल-मेपर्यंत हिम पडायची धास्ती असते, म्हणून सहा-आठ आठवडे आधी बिया घरात, खिडकीपाशी. मिरचीच्या बियाला रुजायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते, तर ट्रेखाली घालायला विजेवर तापणारी गादी मिळते. कैनाडच्या सप्टेंबरात बियाला गादी लागत नाही, बघणाऱ्यालाच पंखा लागतो. पण पुढची रड अगदी सारखी. तिकडचा भाचा व्हिडिओ कॉलवर टोमॅटोचं वाकलेलं रोप दाखवतो. इकडची आजी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघते आणि सात समुद्रांपलीकडच्या रोपाला सांगते, "पाणी जास्त झालंय."

उपचारांची सुरुवात विटेपासून होते. वीट म्हणजे कोकोपीटची, नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून केलेली, 5 किलोची. एखाद्या घरी ती पहिल्यांदा आली की वहिनी ती नेहमीच्या बादलीत भिजत घालतात. थोड्या वेळाने बादली भरते. मग अर्धी घमेल्यात काढतात. घमेलं भरतं. मग मुलांच्या आंघोळीचा टब येतो. ही वीट फुगून 60-70 लिटर होते, हे दुकानदाराने सांगितलेलं असतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष बिलाकडे असतं. शेवटी मोरीपासून पडवीपर्यंत तपकिरी भुसाच भुसा होतो, आणि लावायचं काय, तर 98 खळग्यांचा एक ट्रे. त्याला फार तर चार-पाच लिटर पुरतं. उरलेलं कोकोपीट मग वर्षभर घरात कुठे ना कुठे सापडत राहतं.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं निघतं. हा थायरमसारख्या बुरशीनाशकाचा लेप. आजीला तो रंग बघून बियाला कुंकू लावलंय असं वाटतं आणि ती समाधानाने मान डोलावते. तिचं स्वतःचं बी मात्र चुलीवरच्या धुरात टांगलेलं किंवा राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असतं. धूर आणि राख दोन्ही कीड आणि ओल लांब ठेवतात, त्यामुळे या पद्धतीला हसायचं कारण नाही. अडचण इतकीच की आजीच्या बियाला तारीख नसते. "अवंदाचंच आहे," असं ती सांगते, आणि तिचं अवंदा बरंच ऐसपैस असतं. मिरचीचं बी दोन-तीन वर्षं निभावतं, कांद्याचं वर्षभरातच मान टाकतं. आणि कुणी मागच्या वर्षीच्या हायब्रीड फळाचं बी धरून ठेवलं असेल, तर त्यातून निघणाऱ्या भावंडांची तोंडं एकमेकांशी जुळत नाहीत. तो दोष बियाचा नाही आणि पेरणाऱ्याचाही नाही. हायब्रीडचं घराणंच तसं.

पेरल्यावर तिसऱ्या दिवशी पहिली तक्रार येते. उगवत नाही. टोमॅटो पाच-सहा दिवसांत वर येतो, मिरची आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त घेते. हे माहीत असूनही घरातलं कुणीतरी काडीपेटीतली काडी घेऊन एक खळगा उकरून बघतंच. बी जागेवर असतं. झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुसरं माणूस दुसरा खळगा उकरतं. आठवडाभरात अर्ध्या ट्रेची तपासणी होते आणि मग "अर्धंच उगवलं" अशी तक्रार येते. ज्या खळग्यांत बी सापडतच नाही, तिथे मुंग्यांचा हात असतो. मुंग्या बी उचलून नेतात, शिस्तीत, रांगेने आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ट्रे ठेवलेल्या बाकाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की हा प्रश्न मिटतो. मग घरात वाट्या कमी पडतात, तो प्रश्न वेगळा.

काही रोपं वर येतात, पण बियाचं टरफल डोक्यावर अडकवून. दोन इवली पानं त्या टोपीत कोंडलेली. बी फार वरवर पेरलं किंवा वरचा थर वाळला की असं होतं, कारण टरफल घासून निघायला वर पुरेसं ओझं नसतं. थेंबभर पाणी लावून थांबलं की बहुतेक टोप्या आपोआप गळतात. पण घरात एखादा हौशी हात असतोच. तो नखाच्या चिमटीत टोपी धरतो, अलगद ओढतो, आणि टोपीबरोबर डोकंही हातात येतं. खाली उरतो एक बिनडोक देठ. मग तो हळूच इकडेतिकडे बघतो आणि तेवढ्या खळग्यावर कोकोपीट सारून ठेवतो.

यानंतर येतो खरा रोग, ज्याला घरात कुणी रोग म्हणत नाही. उलट कौतुक होतं. रोपं भराभर वाढतात. चार दिवसांत बोटभर, आठ दिवसांत वीतभर, बारीक, फिकट आणि सगळी एका दिशेला झुकलेली. "काय सरसरून आलीत!" येणारा-जाणारा म्हणतो. आपल्या या कौतुकाचं मूळ मला घटस्थापनेत दिसतं. मराठी घरात वर्षातून एकदा तरी बी घरात रुजवलं जातं, ते देवघराच्या कोपऱ्यात, पत्रावळीवरच्या मातीत. नऊ दिवसांत ते पिवळंधमक आणि लांबलचक वर येतं आणि बायका म्हणतात, यंदा घट छान आला. जितका लांब, जितका पिवळा, तितका छान. दसऱ्याला तोच तुरा टोपीत खोवून पुरुष मिरवतात. डहाणूतल्या गुजराती शेजारणींच्या मुलीही आषाढात गौरीव्रताचे जवारे असेच घरात रुजवतात. देवाला हा पिवळा रंग चालतो, कारण देवाची त्याला पुढे मिरच्या लागायची अपेक्षा नसते. मिरचीच्या रोपात तोच पिवळेपणा म्हणजे उपासमार. अंधारात रोप पानं करायचं सोडतं, हिरवा रंग करायचं सोडतं, आणि अंगात असलेली सगळी पुंजी उंच होण्यावर उधळतं, कुठेतरी उजेड भेटेल म्हणून.

"पण पडवीत तर भरपूर उजेड आहे!" हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो. पागोळ्यांच्या आत, पडवीच्या मागच्या भिंतीशी तो काही शेकड्यांवर येतो. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होऊन आपल्याला सांभाळून घेते. रोपाला बाहुली नसते. जे मिळतं त्यावर त्याला भागवावं लागतं. माणसाला पेपर वाचता येतो तेवढ्या उजेडात रोपाचं पोट भरत नाही.

रोपं उजेडाकडे झुकतात, हे सगळ्यांना माहीत असतं, पण कशी, याचा छडा लावायला चार्ल्स डार्विनने म्हातारपणी आपल्या मुलाला, फ्रान्सिसला हाताशी धरलं होतं. 1880 सालच्या पुस्तकात त्या दोघांनी लिहून ठेवलंय. गवताच्या कोवळ्या कोंबांच्या शेंड्यांवर उजेड अडवणाऱ्या बारीक टोप्या घातल्या, तर कोंब वाकतच नाहीत. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतं मात्र खालचं अंग. पुढे शास्त्रज्ञांनी त्यामागचं ऑक्सिन नावाचं द्रव्य शोधून काढलं. कैनाडच्या पडवीत यावर उपाय म्हणून रोज सकाळी ट्रे अर्धा फिरवायचा ठराव होतो. घरातली दोन माणसं एकमेकांना न सांगता तो अर्धा-अर्धा फिरवतात, आणि संध्याकाळी ट्रे पुन्हा मूळ जागी, रोपं होती तशीच झुकलेली. खरा उपाय एवढाच, की पावसाने जरा उसंत दिली की ट्रे उचलून उघड्यावर ठेवायचा आणि ढग दिसला की आत आणायचा. म्हणजे घरात एक माणूस त्या कामावर हवा. हे काम शेवटी कुणाच्या वाट्याला येतं, ते सांगायला नको. पुरुष मंडळी तोवर निदान करत असतात.

पाण्याचं आता सांगतो, कारण दवाखान्यातल्या निम्म्या केसेस पाण्याच्या. आजी पहाटे उठते, तांब्याने रोपांना पाणी घालते. वहिनी चूल पेटवून बाहेर येतात, कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं, पाणी घालतात. शाळेला जाताना नातू पिचकारी मारतो, कारण पिचकारी त्याचीच असते. दुपारी शेतावरून आलेले काका हातपाय धुताना उरलेला लोटा ट्रेत ओततात. प्रत्येकाला वाटतं, रोपांकडे लक्ष देणारा घरात आपण एकटेच. कोकोपीट वरून फिकं दिसलं तरी आत चिंब असतं. मग मुळांना हवा मिळत नाही, मुळं कामच थांबवतात, आणि पाण्यात उभं असलेलं रोप तहानेने मान टाकतं. कोरडं पडलेलं रोपही अशीच मान टाकतं. म्हणजे चहा पिताना "पाणी जास्त" आणि "पाणी कमी" म्हणून भांडणारे दोघेही लक्षणापुरते बरोबरच असतात. खरं काय ते कळायला ट्रे उचलून बघावा लागतो. जड असेल तर हात आवरायचा, हलका असेल तर पाणी द्यायचं. पण ट्रे उचलायला उठावं लागतं, आणि निदान बसूनही करता येतं.

चिंब कोकोपीटातूनच ते दुखणं येतं, ज्याला कृषी पुस्तकांत रोपमर म्हणतात. संध्याकाळी ट्रे ताठ उभा. सकाळी बघावं तर मधलं एक रोप आडवं. पानं हिरवीगार, चेहऱ्यावर आजाराचा मागमूस नाही. जवळ जाऊन बघितलं तर मातीच्या रेषेपाशी देठ पाणावलेला आणि दोऱ्याएवढा बारीक. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजूबाजूची चार. तिसऱ्या दिवशी ट्रेच्या मधोमध टक्कल. पिथियम आणि रायझोक्टोनिया नावाच्या मंडळींची ही करणी. ओल, गर्दी आणि कोंदट हवा एवढं मिळालं की त्यांना आणखी काही लागत नाही. पडलेलं रोप उठत नाही. ते उपटून लांब टाकायचं, पाणी तोडायचं, वारा खेळेल असं करायचं, आणि राहिलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच-तीन ग्रॅम या हिशेबाने द्यायचं. शहाणी माणसं पेरतानाच ट्रायकोडर्मा मिसळतात. ही चांगली बुरशी असते आणि वाईट बुरशीला वाढू देत नाही. "बुरशी घालवायला बुरशी?" असं विचारून काकांनी तो सल्ला एकदा बाद केला होता. याउलट दालचिनीची पूड टाका, असं सांगणारा व्हिडिओ त्यांना फार पटला. दालचिनी महाग आहे हे वहिनींच्या वेळेवर लक्षात आलं, म्हणून ती मसाल्याच्या डब्यातच राहिली.

आजी या सगळ्यावर एकच म्हणते, "माती भाजायला हवी होती." तिला हसण्याआधी जरा थांबा. कोकणात आणि इथल्या वारली पाड्यांवर भाताचं, नाचणीचं रोप राबावर टाकायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पावसाआधी वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवून सावकाश धुमसू द्यायचं. तणाचं बी जळतं, मातीतली कीड आणि बुरशी भाजून निघते, राख मिळते आणि माती भुसभुशीत होते. रोपमरीवरचा इलाज रोपमर व्हायच्या आधीच झालेला असतो. साहेबाच्या राज्यात या राबावरून मोठं महाभारत झालं. टहाळासाठी झाडं छाटतात म्हणून जंगल खातं नाराज, आणि टहाळ नाही तर भात नाही म्हणून शेतकरी नाराज. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला तो 2014 साली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या अशा तक्रारी ऐकायला 1885 साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमलं गेलं. विलायतेहून शेती बघायला आलेल्या डॉ. व्होएल्कर यांच्या 1893 च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. आता कृषी खातं सांगतं, राब भाजू नका, धूर होतो, पाला वाया जातो, गादीवाफा करा. खातं चुकीचं सांगत नाही. पण 1976 साली इस्रायलच्या काटान या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हानेच माती तापवली आणि रोग मारले, तेव्हा जगभर वाहवा झाली. आपल्याकडेही रोपवाटिकेच्या वाफ्यासाठी आता तेच सुचवतात. आजीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग मी काय सांगत होते?" फक्त प्लास्टिकच्या ट्रेतली माती भाजता येत नाही. ट्रेच भाजला जातो.

राखेचं तिचं प्रेम मात्र आवरतं घ्यावं लागतं. चिमूटभर भुरभुरली तर वरचा थर कोरडा राहतो. पण प्रेमाने ओंजळ टाकली की पाणी पडल्यावर तिचा लगदा होतो, क्षार वाढतो, आणि रोपाला नवं दुखणं लागतं.

मांजराचा मुद्दा कुठल्याच कृषी पुस्तकात नाही, म्हणून इथे घेतो. कोरडं, मऊ, भुसभुशीत कोकोपीट घरात ठेवणं म्हणजे मांजराला निमंत्रण धाडणं. तो ट्रे आपल्यासाठीच आणलाय याबद्दल मांजराच्या मनात शंका नसते. वर जाळी टाकणं हाच उपाय. जाळीचे इतरही फायदे आहेत. मिरचीची पानं आकसायला लागली की गावात "बोकड्या आला" म्हणतात. तो आणतात फुलकिडे, कोळी, आणि विषाणू वाहून आणणारी पांढरी माशी. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. बारीक विणीच्या जाळीने माशी आणि फुलकिडे बरेचसे अडतात. दुकानात जाळी आणायला जायचं म्हणजे डहाणूची खेप, म्हणून एका घरी बाळाची मच्छरदाणी मिरचीवर गेलेली मी पाहिली. बाळाला उदबत्ती लावली होती. त्याच ट्रेवर नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगलेली होती. आत मिरची, वर मिरची. खालच्या रोपांनी वर बघून आपलं भवितव्य ओळखलं असणार.

आणखी एक खोटा आजार आहे. सगळ्यांत खालची दोन पानं पिवळी पडतात आणि घरात धावपळ सुरू होते. ती बीजपर्णं असतात, बियातला शिधा संपेपर्यंत काम करतात आणि मग गळतात. पण पिवळं दिसलं की युरिया, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय, की कुणीतरी भातासाठी आणलेल्या गोणीतली चिमूट ट्रेत टाकतंच. मग जी पानं हिरवी होती, त्यांच्या कडाही करपतात. निरोगी रोपाला औषध देऊन आजारी पाडण्याची सोय माणसांच्याच दवाखान्यात आहे असं नाही.

शेवटची परीक्षा उन्हाची. पाऊस गेला, ऑक्टोबर तापला, रोपं पाच-सहा पानांवर आली, आणि कुणीतरी उत्साहाने सगळे ट्रे पडवीतून उचलून थेट अंगणात ठेवतं. पडवीत वाढलेल्या पानाला ते ऊन सोसत नाही. संध्याकाळपर्यंत पानांवर पांढरे डाग. आधी सकाळचं तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस, असं आठवडाभर उन्हाची सवय लावायची असते, आणि पाणीही जरा हात राखून द्यायचं असतं. याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांची शाळा अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात नेली होती. त्याच टेकडीवर आज कृषी विज्ञान केंद्रही आहे. वाढत्या जिवाला बाहेर काढायचं कसं, याची चौकशी करायला कैनाडकरांना फार लांब जावं लागत नाही.

इतकी यातायात करण्यापेक्षा तयार रोपं आणावीत, असं कुणी म्हणेल. नर्सरीत मिरचीचं रोप रुपया-दोन रुपयांना मिळतं. सरकारनेही 2020-21 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना काढून शेडनेटच्या रोपवाटिकांना निम्मं अनुदान देऊ केलंय. हिशेब केला तर घरचं रोप परवडत नाही, विशेषतः विटेचा आणि मच्छरदाणीचा खर्च धरला तर. पण विकतचं रोप मेलं तर नर्सरीवाल्याला शिव्या घालून विषय संपतो. घरचं मेलं तर पंधरा दिवस पुरेल एवढी चर्चा मिळते, आणि पावसाळ्याच्या शेवटाला पडवीत बसणाऱ्यांना दुसरं काम नसतं.

यातला सगळ्यांत अवघड प्रसंग मात्र रोपं मरण्याचा नसतो, जगण्याचा असतो. मरतील या हिशेबाने प्रत्येक खळग्यात दोन-दोन बिया टाकलेल्या असतात, एकाऐवजी तीन ट्रे भरलेले असतात, आणि एखाद्या वर्षी सगळ्यांचे सगळे सल्ले चुकून रोपं जगतात. दाराशी जागा असते पंधरा मिरच्यांची. मग उरलेली रोपं घेऊन घरोघर फिरावं लागतं. शेजारी आधी घेतात, मग कारणं सांगतात, मग आपल्याला येताना बघून दार लोटून घेतात. म्हणून डहाणू-तलासरीकडे येणार असाल तर कृपा करून एक रिकामं खोकं सोबत आणा. मिरचीची रोपं यंदा भरपूर आहेत, वांग्याचीही निघतील. पाणी किती घालायचं ते विचारू नका, ते सांगायला पडवीत माणसं बसलेलीच आहेत.